वादळाचं पहिलं नोटिफिकेशन पाठवणारा माणूस

२०२३ च्या जुलैमधली ती सकाळ आठवतेय का? अचानक सगळ्यांचे फोन एकदम किंचाळायला लागले होते. सायलेंटवर ठेवलेलेसुद्धा. मी तेव्हा ऑफिसमध्ये होते आणि आमच्या मजल्यावर चाळीसेक फोन एकाच सेकंदाला वाजले. कुणाला वाटलं फोन हॅक झाला, कुणाला वाटलं भूकंप. स्क्रीनवर सरकारचा मेसेज होता, की ही फक्त चाचणी आहे, घाबरू नका.

त्या तंत्राला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. यात तुमचा नंबर कुणाला माहीत असायची गरज नसते. टॉवर एकदाच मेसेज सोडतो आणि त्याच्या टप्प्यातला प्रत्येक फोन तो उचलतो. नेटवर्क जाम झालं तरी हा मेसेज अडकत नाही, कारण तो एकेकाला पाठवलेला एसएमएस नसतो, रेडिओसारखा सगळ्यांसाठी असतो. यावर वेगळा लेख लिहीन कधीतरी. आज मुद्दा दुसरा आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी मामाचा फोन आला. माझं आजोळ दापोली तालुक्यात, किनाऱ्यावर. मामाची मासेमारीची बोट आहे. त्याचाही फोन किंचाळला होता. मी त्याला मोठ्या उत्साहाने समजावलं, की पुढे वादळाचा इशारा असा थेट फोनवर येईल. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की दहा वेळा वाजला तर खरा किती वेळा निघेल? इशारा आला म्हणून बोट बांधून ठेवायची, भरलेला बर्फ विरघळून जाणार, खलाशांची मजुरी अंगावर पडणार, आणि समुद्र मात्र ताटासारखा सपाट. तो खर्च कोण देणार?

मला उत्तर देता आलं नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे सर्व्हर बिघडायच्या आधी अलर्ट वाजवणारी सिस्टिम सांभाळणं. तरीही नाही. मग मी शोधत बसले, की हा प्रश्न सगळ्यात आधी कुणाला पडला असेल. शोधता शोधता रॉबर्ट फिट्झरॉय या माणसापाशी पोहोचले. डार्विनच्या जहाजाचा कप्तान म्हणून त्याचं नाव कदाचित तुम्ही वाचलं असेल. पण माझ्या मते त्याचं खरं काम त्या प्रवासानंतर वीस-पंचवीस वर्षांनी सुरू झालं.

खाली जाणारा पारा

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ चा, इंग्लंडमधल्या सफोकचा. घराणं बडं, आजोबा ड्यूक. बाराव्या वर्षी तो नौदलाच्या कॉलेजात गेला. पुढे लेफ्टनंटच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. थोडक्यात, टॉपर. २३ व्या वर्षी त्याला बीगल या सर्वेक्षण जहाजाची कप्तानी मिळाली, पण ज्या कारणाने मिळाली ते वाईट होतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, थंडी-पाऊस-एकटेपणात आधीच्या कप्तानाने स्वतःचा जीव घेतला होता.

कप्तान होऊन जेमतेम काही आठवडे झाले असतील. जानेवारी १८२९, जागा ला प्लाटा नदीच्या मुखाजवळचा समुद्र. तिथे पाम्पेरो नावाचा वारा असतो. तो गवताळ मैदानावरून एकदम समुद्रावर कोसळतो. जहाजावर बॅरोमीटर होता आणि पारा खाली खाली जात होता. फिट्झरॉयला ते दिसत होतं. पण तो तरुण होता, पुढे जायची घाई होती, शिडं वेळेत उतरवली नाहीत. वारा आला तेव्हा डोलकाठ्या मोडल्या, जहाज आडवं होता होता वाचलं आणि दोन खलाशी समुद्रात गेले.

डेटा समोर होता, कृती झाली नाही. हे त्याने आयुष्यभर स्वतःला माफ केलं नाही. पुढे त्याने जे जे केलं त्याच्या मुळाशी हे दोन खलाशी आहेत असं मला वाटतं.

इथे जरा थांबून बॅरोमीटरबद्दल सांगते, कारण बहुतेक तो तुमच्या खिशातच आहे. हवेला वजन असतं, आणि आपल्या डोक्यावरच्या हवेचा जो भार पडतो तो म्हणजे वायुदाब. समुद्रसपाटीला तो साधारण १०१३ हेक्टोपास्कल असतो. वादळाच्या पोटात दाब कमी असतो, म्हणून आजूबाजूची हवा तिकडे धावते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती सरळ न जाता गोल वळत जाते. म्हणजे दाब भराभर उतरायला लागला तर समजायचं, काहीतरी जवळ येतंय. बऱ्याच महागड्या आणि काही मध्यम किमतीच्या फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. तो प्रामुख्याने उंची कळावी म्हणून बसवलेला असतो. सेन्सर दाखवणारं एखादं फुकट अॅप टाका आणि जिना चढून बघा, आकडा बदलतो. फिट्झरॉयकडे तेच होतं, फक्त काचेच्या नळीतल्या पाऱ्यात.

डार्विनवाला प्रवास

हा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पटकन उरकते. दुसऱ्या सफरीवर निघताना त्याने सोबतीला एक शिकलेला माणूस शोधला. एकटेपणाने आधीच्या कप्तानाचं काय झालं हे त्याने पाहिलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या एका मामानेही असंच आयुष्य संपवलं होतं. सोबती मिळाला तो चार्ल्स डार्विन, वय २२. २७ डिसेंबर १८३१ ला जहाज निघालं आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये परतलं. जहाजावर अचूक वेळ दाखवणारी २२ क्रोनोमीटर घड्याळं होती. आणि वाऱ्याचा जोर आकड्यात लिहायची ब्यूफोर्ट स्केल अधिकृतपणे पहिल्यांदा याच सफरीत वापरली गेली. 'वारा जोरात आहे' असं लिहिलं तर प्रत्येकाचा जोर वेगळा. 'वारा ८' लिहिलं की सगळ्यांना सारखंच कळतं. डेटाचा फॉरमॅट ठरवणं किती महत्त्वाचं असतं, हे ज्याने दोन वेगवेगळ्या एक्सेल शीट जुळवल्या आहेत त्याला सांगायला नको.

फिट्झरॉय देवमाणूस होता असं मात्र समजू नका. पहिल्या सफरीत त्याने तिएरा देल फ्वेगोमधल्या चार स्थानिकांना 'सुधारण्यासाठी' इंग्लंडला नेलं. त्यातला एक देवीच्या रोगाने तिथेच मेला. उरलेल्या तिघांना परत सोडलं, पण मिशन उभं करायचा बेत फसला. पुढे तो खासदार झाला, मग न्यूझीलंडचा गव्हर्नर. तिथे माओरी आणि गोरे वसाहतवाले यांच्या भांडणात दोन्हीकडून अडकला आणि १८४५ मध्ये त्याला परत बोलावून घेतलं. एकंदर करिअर गडगडलेलं.

तीन माणसांचं खातं

१८५४ मध्ये त्याला एक नवी नोकरी मिळाली. व्यापार मंडळाने हवामानाची नोंद ठेवणारा एक छोटा विभाग काढला. फिट्झरॉय प्रमुख, हाताखाली तीन जण. काम काय? जहाजांच्या कप्तानांकडून वाऱ्याच्या नोंदी गोळा करायच्या आणि तक्ते बनवायचे, म्हणजे जहाजं लवकर पोहोचतील आणि पैसा वाचेल. उद्या काय होईल ते सांगा असं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेत एका सदस्याने म्हटलं होतं, की लवकरच लंडनचं हवामान चोवीस तास आधी कळू शकेल. त्यावर सभागृह हसलं होतं. आपल्याकडे वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवा असा जोक चालतो ना, तो जोक या खात्याच्या जन्मापासूनचा आहे.

फिट्झरॉयने तक्ते बनवलेच, पण सोबत एक वेगळं कामही सुरू केलं. गरीब कोळीवाड्यांमध्ये बॅरोमीटर बसवायचं. मोठ्या जहाजाकडे साधनं असतात, छोट्या होडीवाल्याकडे नसतात. म्हणून सरकारी खर्चाने धक्क्याजवळ भिंतीत किंवा दगडी कोनाड्यात मोठा, सहज वाचता येईल असा बॅरोमीटर लावायचा आणि पारा खाली गेला तर काय समजायचं हे सोप्या भाषेत लिहून द्यायचं. सकाळी तांडेलाने येऊन बघायचं आणि जायचं की नाही ते ठरवायचं. स्कॉटलंडच्या काही गावांत ते जुने बॅरोमीटर अजून जागेवर आहेत.

पण एका जागेचा बॅरोमीटर फक्त त्या जागेचं सांगतो. वादळ कुठून येतंय, किती वेगाने, ते कळत नाही. त्यासाठी एकाच वेळी अनेक जागांचे आकडे एकत्र लागतात.

२५ ऑक्टोबर १८५९

रॉयल चार्टर नावाचं जहाज ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून लिव्हरपूलला येत होतं. शिडं होती, जोडीला वाफेचं इंजिनही. जहाजावर जवळपास पाचशे माणसं. त्यांत बरेच जण सोन्याच्या खाणीत पैसा कमवून घरी परतणारे. काहींनी सोनं कमरेला बांधलेलं. दोन महिन्यांचा प्रवास संपत आला होता, लिव्हरपूल एका रात्रीच्या अंतरावर.

२५ ऑक्टोबरला दुपारी जहाज वेल्सच्या वायव्य टोकावरच्या होलीहेडजवळून पुढे गेलं. थंडीचे दिवस सुरू होत होते आणि त्या वर्षी गारठा लवकर आला होता. संध्याकाळी वारा वाढला. मग त्याने दिशा बदलली आणि उत्तर-ईशान्येकडून सुटला. ही दिशाच जीवघेणी होती. जहाजाच्या दक्षिणेला अँगलसी बेटाचा खडकाळ किनारा होता आणि वारा जहाजाला नेमका तिकडे ढकलत होता. रात्री अकराच्या सुमाराला कप्तानाने नांगर टाकले. मध्यरात्रीनंतर एक साखळी तुटली, तासाभराने दुसरी. वाऱ्याला धरायला काही राहू नये म्हणून डोलकाठ्या तोडल्या, इंजिन पूर्ण जोराने चालवलं, तरी जहाज मागेच सरकत राहिलं. आधी ते वाळूत रुतलं. लोकांना वाटलं वाचलो. उजाडता उजाडता भरती चढली आणि लाटांनी जहाज उचलून मोएल्फ्रे गावाजवळच्या खडकांवर आपटलं.

माल्टाचा एक खलाशी दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी खवळलेल्या लाटांत उतरून माणसांची साखळी केली आणि सापडतील त्यांना ओढून काढलं. चाळीसेक जण वाचले. साडेचारशेच्या आसपास मेले. एकही बाई वाचली नाही, एकही मूल वाचलं नाही. किनारा इतका जवळ होता की गावातले लोक बुडणाऱ्यांचे चेहरे पाहू शकत होते.

त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर १३३ जहाजं फुटली आणि सुमारे ८०० माणसं गेली.

फिट्झरॉयने मग काय केलं? आजच्या भाषेत सांगायचं तर पोस्टमॉर्टेम. म्हणजे मोठी गडबड झाल्यावर आम्ही लॉग काढून मिनिटामिनिटाचा हिशोब लावतो, तसं. त्याने दीपगृहं, बंदरं, जहाजं, वेधशाळा, जिथून मिळतील तिथून त्या दिवसांच्या नोंदी मागवल्या आणि ठरावीक वेळेचा एक असे नकाशे काढले. नकाशे ओळीने ठेवल्यावर वादळ चालताना दिसलं. ते सगळीकडे एकदम आलं नव्हतं. दक्षिणेकडून शिरलं आणि तासांमागून तास वर सरकत गेलं. म्हणजे दक्षिण किनारा झोडपला जात होता तेव्हा अँगलसीला अजून वेळ होता.

आणि तार वादळापेक्षा वेगात जाते.

एवढंच आहे हो त्या शोधात. विजेची तार तेव्हा बसलेली होती, रेल्वे आणि शेअरबाजार ती वापरत होते. तिच्यावरून दाब, तापमान आणि वाऱ्याचे आकडे पाठवायचे आणि उलट दिशेने इशारा. नवीन हार्डवेअर काही नको होतं.

कापडी शंकू

१८६० मध्ये त्याला परवानगी मिळाली. सुरुवातीला तेरा-पंधरा ठिकाणांहून रोज सकाळी तारेने आकडे लंडनला यायचे. फिट्झरॉय आणि त्याची माणसं ते मांडायची, तो नकाशा डोक्यात तयार करायचा, आणि धोका वाटला तर किनाऱ्यावरच्या ठिकाणांना तार जायची.

तार बंदरापर्यंत पोहोचली, पण पुढे? खाडीच्या तोंडाशी असलेल्या होडीला कसं कळवायचं? मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडलेला भाग हाच आहे. त्याने बंदरातल्या काठीवर चढवायच्या दोन वस्तू ठरवल्या, काळ्या कापडाचा शंकू आणि काळा ढोल. शंकूचं टोक वर असेल तर उत्तरेकडून वादळ, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. ढोल म्हणजे एकामागून एक वेगवेगळ्या दिशांनी जोराचे वारे. ढोल आणि शंकू दोन्ही म्हणजे फारच गंभीर. रात्री कंदील टांगायचे, शंकूसाठी त्रिकोणात, ढोलासाठी चौकोनात. झेंडा का नाही? झेंडा वारा नसेल तर लटकतो आणि तुम्ही चुकीच्या बाजूला असाल तर रेघेसारखा दिसतो. शंकू आणि ढोल गोल असल्यामुळे कुठूनही बघा, आकार तोच. वाचता न येणाऱ्यालाही कळतो. एखाद्या अॅपच्या आयकॉनवर महिनाभर वाद घालणाऱ्या आमच्या टीमने हे बघायला हवं होतं.

फेब्रुवारी १८६१, ऐन हिवाळा. उत्तर समुद्राच्या बाजूला वादळ येणार असं दिसलं आणि पहिला इशारा गेला. ईशान्य किनाऱ्यावर टाइन नदीच्या मुखाजवळही तो पोहोचला होता. पण तिथे तो मनावर घेतला गेला नाही. कोण कुठला लंडनमधला साहेब, त्याला इथला समुद्र काय कळणार? जहाजं बाहेर पडली, वादळ आलं, कित्येक जहाजं किनाऱ्यावर फुटली.

त्याच वादळात, ९ फेब्रुवारीला, थोडं दक्षिणेला व्हिटबी गावात बचावनौकेची माणसं दिवसभर फुटलेल्या जहाजांवरच्यांना वाचवत होती. एक जहाज, दुसरं, तिसरं. दमलेली माणसं सहाव्यांदा निघाली तेव्हा नौका उलटली. गावासमोरच, किनाऱ्यावरून दिसेल अशी. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचलेल्या एकाच्या अंगात कॉर्कचं नव्या पद्धतीचं जॅकेट होतं.

या फेब्रुवारीनंतर बंदरातले लोक शंकूकडे बघायला लागले.

पेपरात उद्याचं हवामान

फिट्झरॉय इथेच थांबला असता तर कदाचित त्याचं आयुष्य वेगळं गेलं असतं. पण एवढा डेटा रोज येतोय, वादळ नसलेल्या दिवशी त्याचं काय करायचं? १ ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या टाइम्समध्ये पुढच्या दोन दिवसांचा अंदाज छापून यायला लागला. देशाचे भाग पाडून प्रत्येकासाठी वाऱ्याची दिशा, जोर आणि दोन-चार शब्द. पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी छान हवा सांगितली होती. यासाठी इंग्रजीत फोरकास्ट हा शब्द रूढ केला तो त्यानेच. ही भविष्यवाणी नाही, आकड्यांवरून बांधलेलं मत आहे, हे त्याला शब्दातच सांगायचं होतं.

लोकांनी ते भविष्यवाणीसारखंच वाचलं. घोड्यांच्या शर्यती, सहली, लग्नं. अंदाज चुकला की थट्टा. आणि चुकायचा तो पुष्कळदा, कारण पंधराएक ठिकाणांचे आकडे, उपग्रह नाही, कॉम्प्युटर नाही, आणि पश्चिमेला अटलांटिक महासागर म्हणजे शून्य डेटा. जिकडून हवामान यायचं तिकडूनच काही कळत नव्हतं. टाइम्स स्वतः अंदाज छापायचा आणि चुकल्यावर स्वतःच टपल्याही मारायचा. शास्त्रज्ञ वेगळ्या कारणाने नाराज होते. त्यांचं म्हणणं, आधी नियम सिद्ध करा, मग अंदाज सांगा. काही बोटमालकही चिडले होते. शंकू चढला की खलाशी बाहेर पडायला तयार होत नसत, आणि वादळ आलं नाही तर दिवस वाया.

बघा, मामाचा प्रश्न.

याला आम्ही फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतो. अलर्ट वाजला, पण काही झालं नाही. उलट म्हणजे फॉल्स निगेटिव्ह, काही झालं, पण अलर्ट वाजलाच नाही. दोन्ही एकदम कमी करता येत नाहीत, हाती असलेला डेटा तेवढाच असेल तर. उंबरठा खाली आणला की उगाच वाजणारे वाढतात, वर नेला की खरे सुटतात. आधी मी ज्या कंपनीत होते तिथे एक अलर्ट रात्री-बेरात्री वाजायचा आणि दर वेळी काहीच नसायचं. तीन आठवडे मी उठून बघितलं. चौथ्या आठवड्यात म्यूट केला. त्या शनिवारी डिस्क भरली आणि सकाळपर्यंत सगळं बंद. नुकसान झालं ते पैशांचं, माणसं मेली नाहीत. पण म्यूट करतानाचं माझं बोट मला अजून आठवतं. चूक अलर्टची होती की माझी, हे मला आजही ठरवता येत नाही.

फिट्झरॉयच्या बाबतीत फरक एवढाच, की त्याच्या चुका सगळ्यांना दिसायच्या आणि त्याचं यश कुणालाच दिसायचं नाही. शंकू बघून जी होडी बाहेर पडली नाही ती बुडलीच नाही. न बुडालेल्या होडीची बातमी कोण छापणार?

१८६५

तो रोज हे अंगावर घेत होता. ऐकू कमी येऊ लागलं होतं, तब्येत खालावली होती, सरकारी कामात आणि आधीच्या सफरीत स्वतःच्या खिशातले पैसे ओतून वारशाने मिळालेली संपत्ती संपवली होती. डार्विनशीही फाटलं होतं. १८६० मध्ये ऑक्सफर्डला उत्क्रांतीवरचा तो गाजलेला वाद झाला तेव्हा फिट्झरॉय सभागृहात होता आणि बायबल उंचावून डार्विनच्या विरोधात बोलला होता. मुळात तो ऑक्सफर्डला आला होता ब्रिटनच्या वादळांवर निबंध वाचायला, हे फार कमी जण सांगतात.

३० एप्रिल १८६५. रविवार. सकाळी कुटुंब उठायच्या आधी फिट्झरॉयने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ५९. घरात पैसा उरला नव्हता. मित्रांनी वर्गणी काढून कुटुंबाला मदत केली, त्यात डार्विनने १०० पौंड घातले. राणी व्हिक्टोरियाने त्याच्या पत्नीला आणि मुलींना हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राहायला जागा दिली.

नंतर चौकशी समिती बसली. प्रमुख होता फ्रान्सिस गॉल्टन, नात्याने डार्विनचाच भाऊ. समितीने म्हटलं, की रोजच्या अंदाजांना शास्त्रीय पाया नाही. १८६६ मध्ये रोजचे अंदाज बंद झाले आणि वादळाचे इशारेसुद्धा.

आता गंमत बघा. ज्या किनाऱ्यावरून तक्रारी यायच्या तिथूनच आता उलट मागणी सुरू झाली. खलाशी, कोळी, बंदरांचे अधिकारी, सगळे म्हणायला लागले, आमचे शंकू परत द्या. चुकत असतील, पण नसण्यापेक्षा बरे होते. दरम्यान हिवाळा होताच. १८६७ मध्ये इशारे परत सुरू करावे लागले. रोजच्या अंदाजांना पेपरात परत यायला मात्र १८७९ उजाडलं.

आपल्याकडचा बावटा

५ ऑक्टोबर १८६४ ला कोलकात्यावर प्रचंड चक्रीवादळ आलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर १८६५ मध्ये, म्हणजे फिट्झरॉय गेला त्याच वर्षी, कोलकाता बंदरात वादळाचे इशारे द्यायची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारताचं हवामान खातं उभं राहिलं. पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'बंदरात तीन नंबरचा बावटा' असं ऐकता ना? तो बावटा म्हणजे नेहमीचा झेंडा नव्हे. आपल्या बंदरांत दिवसा काठीवर चढवायच्या खुणांमध्ये काळे शंकू आणि ढोल आहेत, रात्री दिव्यांच्या खुणा. नंबरांची पद्धत इथली, आकार ओळखीचे.

फिट्झरॉयचं नाव आज कुठे आहे? ब्रिटनच्या हवामान खात्याचा पत्ता आहे फिट्झरॉय रोड, एक्सेटर. २००२ मध्ये फिनिस्टेर या सागरी विभागाचं नाव बदलून फिट्झरॉय ठेवलं, म्हणजे रेडिओवर सागरी हवामानाचा अंदाज वाचताना रोज त्याचं नाव घेतलं जातं. आणि तुमच्यापैकी कुणाकडे पॅटागोनिया कंपनीचं जॅकेट असेल तर त्याच्या लोगोतली डोंगररांग बघा. ती अँडीजमधल्या माउंट फिट्झरॉयची आहे.

मामाला मी ही सगळी गोष्ट सांगितली. त्याला शंकूची आयडिया पटली. पैशाच्या प्रश्नावर मात्र त्याचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण गॉल्टनच्या समितीलाही त्याचं उत्तर सापडलं नव्हतं. गेल्या पावसाळ्याआधी असाच एक इशारा आला. मामाने बोट खाडीत आणून बांधली. वादळ दुसरीकडे वळलं, आमच्याकडे नुसता रिमझिम पाऊस झाला. रात्री फोनवर त्याने मला बर्फाचा आणि डिझेलचा पूर्ण हिशोब ऐकवला, अगदी रुपयांपर्यंत, जणू इशारा मीच पाठवला होता. मी विचारलं, पुढच्या वेळी फोन वाजला तर काय करशील. तो म्हणाला, बोट तेव्हाही खाडीतच असेल, पण शिव्या तुलाच देईन.